समुद्र सोडून सगळे संशयित

माझ्या साडूंचा या जगात समुद्र सोडून कुणावरही विश्वास नाही. माणसांवर नाही, यंत्रांवर नाही, वेलिंग्टनच्या वाऱ्यात एका अंगाला कलून वाढलेल्या झाडांवर तर मुळीच नाही. समुद्राची दूरची कड तेवढी त्यांच्या मते सरळ आहे. बाकी जे काही आहे ते एकतर वाकडं आहे किंवा वाकडं होण्याच्या विचारात आहे. त्यामुळे सहलीला गेल्यावर घरच्या मंडळींचा फोटो काढला, मागे समुद्र आला आणि ती कड फोटोत जरा तिरकी उमटली, तर त्यांना ती साधी चूक वाटत नाही. कुणीतरी समजून उमजून केलेली लबाडी वाटते. मग ती कुणी केली याचा तपास सुरू होतो, आणि त्या तपासातला कायमचा संशयित मी आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. ताई आणि ते लोअर हटला राहतात, आम्ही हॅमिल्टनला. मधे जवळजवळ दिवसभराचा गाडीरस्ता आहे, म्हणून भेट होते ती नाताळच्या सुट्टीत, ऐन उन्हाळ्यात. ते मूळचे पुण्याचे. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्याने केलेला प्रोग्राम चालणार नाही असं धरून चालायचं आणि तो कुठे कोसळतो ते शोधून काढायचं. सकाळच्या ट्रेनने ते वेलिंग्टनला जातात, दिवसभर शंका घेतात, त्याचा त्यांना चांगला पगार मिळतो, आणि उरलेल्या शंका संध्याकाळी घरी घेऊन येतात. ताई म्हणते, लग्नाच्या वेळी हा स्वभाव लक्षात आला नव्हता, चोखंदळपणा वाटला होता.

आम्ही हॅमिल्टनला घर घेतलं तेव्हा बाकीचे पाहुणे सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांतून मिठाईचे खोके घेऊन आले. साडू पाणसळ घेऊन आले. गवंड्याकडे असते ती, काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा हलणारी. ती त्यांच्या गाडीत कायम असते. चपला दारात काढल्या, हातपाय धुतले आणि थेट देवघराच्या फळीवर पाणसळ ठेवून ते कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग उठून, दुःखद बातमी सांगावी तशा आवाजात मला म्हणाले, "देव उजवीकडे सरकतायत." माझ्या बायकोने ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर त्यांनी ओट्यावर एक वाटाणा सोडला. तो घरंगळत सिंकमध्ये गेला, तेव्हा घर विकणाऱ्या एजंटाबद्दल त्यांनी जे मत दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जेवताना मात्र ते खुशीत होते. संशय खरा ठरला की त्यांना भूक चांगली लागते.

पण हे सगळं घरातलं. त्यांचा खरा स्वभाव उघड्यावर, समुद्रकिनारी दिसतो. एरवी इथली माणसं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून वाळूत उतरतात, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, चढवून पाण्यात शिरतात, कुणीतरी चिप्सचा पुडा उघडतो, झाली सहल. आमची सहल फोटोपासून सुरू होते आणि बऱ्याचदा फोटोतच संपते. आधी जागा ठरते. तळ्याकाठी साडू फोटो काढत नाहीत, कारण तळ्याला क्षितिज नसतं, पलीकडचा काठ असतो, आणि काठ तिरपा जात असला तर तो क्षितिजाचं सोंग घेऊन माणसाला फसवतो. टाउपोच्या अफाट तळ्यासमोर सगळे हरखून उभे असताना त्यांनी डोळे बारीक करून "हे काही खरं नाही" असं म्हटलं होतं आणि सगळ्यांना गाडीत बसवलं होतं. समुद्र मिळाला तरी किनारा नको, निव्वळ कड हवी. फोनच्या पडद्यावर आडव्याउभ्या रेषा दिसतात, फोन सरळ झाला की एक रेघ पिवळी होते. त्या पिवळ्या रेघेवर माझा सुखाने विश्वास आहे. साडू म्हणतात, ती रेघ कंपनीने काढलेली आहे, समुद्र कंपनीने काढलेला नाही. एकाच वेळी सगळ्यांना सामावून घेणारी रुंद लेन्स तर त्यांच्या लेखी गुन्हेगारच. ती क्षितिजाला धनुष्यासारखा बाक आणते आणि कडेच्या माणसांना जाड करते. यातलं दुसरं ताईला पटतं, म्हणून या एका बाबतीत नवराबायकोचं एकमत आहे.

इथली माणसं मोठी मोकळी. कुटुंब फोटो काढतंय असं दिसलं की वाटेने जाणारा कुणीही थांबतो, हसतो, किआ ओरा म्हणून इथला नमस्कार करतो आणि तुम्हा सगळ्यांचा एक काढून देऊ का असं आपणहून विचारतो. अशा माणसाला आमचे साडू आपादमस्तक न्याहाळतात. तो फोन घेऊन पळून जाईल ही भीती नसते. तो फोटो तिरका काढेल, वर "स्वीट अ‍ॅज", म्हणजे एकदम झकास, म्हणून हसत निघून जाईल, आणि आपल्याला थँक यू म्हणावं लागेल, ही भीती असते. म्हणून ते तिपाई वापरतात. वाळूत तिपाईचा एक पाय हमखास रुततो. तो काढून, वाळू दाबून, बुडबुडा मधोमध आणून ते टायमर लावतात आणि आमच्याकडे पळत सुटतात. तेवढ्यात दुसरा पाय रुततो. हे चालू असताना आम्ही वाऱ्यात उभे. केस डोळ्यांत, डोळ्यांत वाळू, चेहऱ्यावर मघाशी लावलेलं आणि आता शिळं झालेलं हसू. त्यामुळे आमच्या घराण्याच्या सगळ्या फोटोंत क्षितिज असं आहे की त्यावर लोटी ठेवली तर थेंब सांडणार नाही, आणि त्यापुढची माणसं कुठल्याशा आपत्तीतून नुकतीच वाचवल्यासारखी दिसतात.

एवढं करून फोटो केसभर कलला तर घरी येऊन ते तो वळवून सरळ करतात. फोटो वळवला की कडा कापाव्या लागतात, आणि कडेला बहुतेक वेळा मी असतो. एका फोटोत माझा डावा कान गेला, दुसऱ्यात अर्धा खांदा. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "कान तुमच्याकडे आहे की. क्षितिज परत कुठून आणणार?" त्यांची मुलगी रेवा इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "काका, यू आर द मार्जिन." तेव्हापासून घरात माझं नावच मार्जिन पडलं.

एका वर्षी नोव्हेंबरात साडूंच्या आई पुण्याहून आल्या. सगळे त्यांना माई म्हणतात. विमानतळावर त्यांना पाहिलं आणि साडूंचा स्वभाव कुठून आला हे मला विचारावं लागलं नाही. दूध पिशवीतून न येता प्लॅस्टिकच्या कॅनमधून येतं म्हणून माईंचा त्यावर विश्वास नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात आणि तिथे दुधापेक्षा आइस्क्रीम आणि लॉटरीची तिकिटं जास्त, हे कळल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. शेजारीण दारात लिंबांची पिशवी ठेवून गेली तर माईंनी दोन दिवस ती लिंबं चिरली नाहीत. बाईला काय हवं असेल याचा विचार करत राहिल्या. आई आणि मुलगा संध्याकाळी खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांबद्दल अंदाज बांधत बसायचे. ताई म्हणायची, दोघांना इतकं सुखात मी कधी पाहिलं नाही.

नाताळात सगळे आमच्याकडे आले आणि आम्ही रॅग्लनच्या काळ्या वाळूवर गेलो. त्या दिवशी वारा असा होता की तिपाई उभीच राहीना. साडूंनी खूप झटापट केली, शेवटी सगळ्यांकडे एकवार बघून, नाइलाज झाल्यासारखा फोन माझ्या हातात दिला. मी फोटो काढला. मधे माई, एका बाजूला रेवा, दुसऱ्या बाजूला ताई आणि माझी बायको, मागे साडू, त्यांच्या मागे समुद्र. मला तो चांगला वाटला. मुख्य म्हणजे मी कॅमेऱ्यामागे असल्याने माझा कुठलाच अवयव कापला जाणार नव्हता.

संध्याकाळी चहा घेताना साडूंनी तो टीव्हीवर लावला आणि म्हणाले, "वाकडा आहे."

मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्या डाव्या खांद्याकडे बघितलं. लॅपटॉपची बॅग मी कुठल्या खांद्यावर घेतो असं विचारलं. मग फोटोवर आडव्या रेषा टाकल्या. क्षितिज रेषेला अगदी चिकटून बसलं होतं. बायको मला टाळी द्यायला पुढे झाली, पण साडू हसले नाहीत. ते खुर्ची ओढून पडद्याजवळ जाऊन बसले आणि पुटपुटले, "मग वाकडं काय आहे?"

आम्ही आपापल्या गप्पांना लागलो. ते फोनवर मागचे फोटो काढून बघत होते. विमानतळावरचा, लोअर हटच्या अंगणातला, धक्क्यावरचा, परवाचा. एकेका फोटोवर उभी रेघ टाकून ते बघत होते. काही वेळाने त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माईकडे बघा." आल्याच्या दिवशी माई विटांच्या भिंतीपुढे उभ्या होत्या, विटेसारख्या सरळ. धक्क्यावर किंचित स्वतःच्या डावीकडे कललेल्या. आजच्या फोटोत, एकदा सांगितल्यावर कुणालाही दिसावं इतक्या डावीकडे. मी म्हटलं, वारा होता, रेवाला टेकल्या असतील. ते म्हणाले, रेवा उजवीकडे आहे.

मग त्यांनी माईंना दाराच्या चौकटीत उभं राहायला सांगितलं. माई उठल्या. उठताना त्यांनी हात सोफ्याच्या पाठीवर ठेवला, मग भिंतीवर. हे त्या गेले काही दिवस करत असणार, आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. चौकटीत त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या डाव्या खांद्याकडची फट उजवीकडच्यापेक्षा निम्मीच होती.

"मी सरळच उभी आहे," माई म्हणाल्या. "यांचं घर वाकडं आहे, तूच मागे सांगितलंस."

साडूंनी विचारलं, कुठे पडलीबिडलीस का. माई नाही म्हणाल्या, आणि लगेच, चहा गार होतोय म्हणाल्या. ताईने साडूंना समजावलं, अरे वय झालंय, प्रवासाचा शीण असेल. माझ्या बायकोने मीठ-पाण्याचं काहीतरी सुचवलं. माईंना वेगळीच शंका आली. आपल्याला लवकर परत पाठवायचा बेत शिजतोय असं वाटून त्या म्हणाल्या की तिकीट बदलून मिळत नाही, त्यांनी चौकशी केली आहे. एवढ्या गोंधळात साडू गाडीची किल्ली घेऊन उभे होते.

तातडीच्या दवाखान्यात मी गाडी चालवत गेलो, कारण साडूंचा त्या वेळी स्वतःवरही भरवसा नव्हता. डॉक्टर तरुण बाई होती, हसरी. तिने माईंना विचारलं, डोक्याला काही लागलं होतं का. तेवढं इंग्रजी माईंना येत होतं. त्या ठामपणे म्हणाल्या, "नो." साडूंनी त्याचा अनुवाद केला: "शी सेज नो, बट आय डोन्ट बिलीव्ह हर."

डॉक्टर मनापासून हसली. तिने माईंना डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. माईंनी धरले, देवळात अक्षता घ्यायला धरावेत तसे. उजवा हात होता तिथे राहिला. डावा हळूहळू खाली येऊ लागला, माईंच्या नकळत. माईंचे डोळे मिटलेले होते, त्यांना वाटत होतं दोन्ही हात समोर आहेत. ते बघताना साडूंनी माझं मनगट पकडलं. डॉक्टरचं हसू गेलं नव्हतं, पण ते आता फक्त माईंसाठी होतं. तिने फोन उचलला आणि हॉस्पिटलला कळवलं.

स्कॅनसाठी थांबलो असताना माईंनी कबूल केलं. आल्यावर काही दिवसांनी, गराजचं दार अर्धवट वर असताना त्याखालून येताना डोक्याला लागलं होतं. टेंगूळ आलं, गेलं. "सांगितलं असतं तर तू ते दारच काढून टाकलं असतंस," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेर रक्त हळूहळू साठत आलं होतं. वृद्ध माणसांत असं होतं, साध्या धक्क्यानेही, आणि आठवडेच्या आठवडे कळत नाही, असं तिथल्या सर्जननी सांगितलं. वेळेवर आलात, आणखी थांबला असता तर अवघड झालं असतं. कवटीला भोक पाडून ते काढून टाकायचं होतं. सर्जननी विचारलं, यांचा तोल जातोय हे तुमच्या लक्षात कसं आलं. साडूंनी त्यांना क्षितिजापासून सगळं सांगायला सुरुवात केली. सर्जन शहाणा माणूस असावा, त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंना आत नेल्यावर आम्ही दोघं बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. ताई, माझी बायको आणि रेवा खाली काहीतरी खायला आणायला गेल्या होत्या. साडू बराच वेळ गुडघ्यांवर कोपरं टेकून जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, ते फरशीचा उतार बघतायत. मग ते म्हणाले, "मी तुमच्यावर संशय घेतला ना काल."

मी म्हटलं, त्यात नवीन काय.

"नाही, ऐका. टीव्हीवर रेषा टाकत होतो तेव्हा मनातून म्हणत होतो, साडूच दोषी निघू दे. यांचाच हात हलला असू दे." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तुमचा हात हललाच नव्हता."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या फोटोला दिलेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र. ते असं मिळायला नको होतं.

माई बऱ्या झाल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली चौकशी बांगड्यांची केली आणि नर्सने त्या सीलबंद पाकिटात ठेवल्यात हे कळल्यावर पाकीट डोळ्यांपुढे आणून सील तपासलं. तेव्हा ताई आणि माझी बायको एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. माणूस ठिकाणावर असल्याची याहून चांगली खूण नव्हती. अर्धं डोकं भादरलेलं होतं, म्हणून रेवाने आपली लोकरीची टोपी त्यांना घातली. ती टोपी घालून माई आमच्या अंगणात हिंडायच्या आणि आमच्याकडे हसून बघणाऱ्या शेजाऱ्यांना संशयाने न्याहाळायच्या. डाव्या हातात चहाचा कप नीट धरता येऊ लागला तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, आता मला माझ्या घरी जाऊ दे. साडूंनी राहा म्हणून खूप सांगितलं, व्हिसा वाढवायची तयारी दाखवली, इथल्या दुधाची सवय होईल म्हणाले. माई म्हणाल्या, इथे सगळं चांगलं आहे, पण ते कशासाठी चांगलं आहे हे त्यांना कळत नाही. डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिल्यावर, शरद ऋतू लागता लागता, त्या पुण्याला गेल्या. तिथे साडूंची धाकटी बहीण जवळच राहते.

मधे कामासाठी वेलिंग्टनला गेलो होतो तेव्हा ताईकडे उतरलो. रविवार होता. मी स्वयंपाकघरात ताईला वाटाणे सोलून देत होतो आणि बाहेरच्या खोलीत साडू माईंशी व्हिडिओवर बोलत होते. पुण्यात सकाळ, इथे दुपार. बोलणं नेहमीचंच होतं. माई नव्या दूधवाल्याबद्दल सांगत होत्या, साडू त्यात आपली भर घालत होते. माईंनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि तो चांगलाच कलला होता. पडद्यावर त्यांच्या मागचं कपाट, खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं एका बाजूला उतरलं होतं. मी दाराशी जाऊन खुणेने साडूंना म्हटलं, त्यांना फोन सरळ करायला सांगा की.

साडूंनी नको म्हणून हात हलवला. माईंचा आवाज चालू असतानाच ते मला हळूच म्हणाले, "सांगितलं की ती लगेच उठते. घाईत उठते."

आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले. तेव्हा मला दिसलं, त्यांनी स्वतःची मान एका खांद्याकडे कलवली होती, पलीकडचं कपाट जेवढं कललं होतं बरोबर तेवढी. तसेच बसून ते आईचं बोलणं ऐकत होते. बराच वेळ बसले असावेत, कारण एका हाताने ते मान चोळत होते.